साहित्य-कट्ट्यासाठी व्हॉट्सॲप: माणसं जमतात, मतं टिकत नाहीत

नाशिकमध्ये लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा एखादा गट जमला की पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी ठरतात. चहाचे पैसे कोण देणार आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव काय ठेवायचं. पुढे महिन्यातून एकदा माणसं भेटतात, पण पुस्तकावरचं मत, कवितेवरचा अभिप्राय, मालिकेच्या कालच्या भागावरची चरफड हे सगळं रोजच्या रोज त्या ग्रुपवरच ओतलं जातं. म्हणजे कट्ट्याचं खरं सभागृह तेच. सभागृहाच्या खुर्च्या, पंखे, माईक यांबद्दल आपण बोलतो, तर या सभागृहाचंही परीक्षण व्हायला हवं. पंधरा ते चाळीस माणसांचा, वाचलेलं-पाहिलेलं एकमेकांना सांगणारा लेखकांचा गट एवढंच माप इथे धरलं आहे.

निकाल आधीच सांगतो. माणसं जमवायला याच्या तोडीचं दुसरं काही नाही. मतं ऐकून घ्यायला हे बेताचंच आहे आणि ती जपून ठेवायला निरुपयोगी. यातल्या बेताच्या भागावर इलाज आहे आणि तो फुकट आहे. निरुपयोगी भागासाठी दुसरं साधन सोबतीला घ्यावंच लागतं.

जमवण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. देवळाली कॅम्पपासून सातपूरपर्यंत आणि ओझरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत पसरलेल्या माणसांना एका जागी आणणं अवघड. कुणी प्रेसमध्ये पाळीत, कुणी अंबडच्या कारखान्यात, कुणी निफाडकडे बाग सांभाळून लिहिणारा. पेठ-सुरगाण्याच्या घाटात नेटवर्क मरतुकडं असलं तरी नुसता मजकूर असलेला संदेश उशिरा का होईना पोचतो, व्हिडिओ कॉल मात्र तुटत राहतो. शिवाय ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासून आहे, सत्तरीच्या आजोबांनाही ते शिकवावं लागत नाही. या बाबतीत पैकीच्या पैकी गुण.

पहिला बोलतो तोच जिंकतो

खरी अडचण यापुढे. समजा, महिन्याचं पुस्तक एक कादंबरी आहे. रविवारी सकाळी गटातले ज्येष्ठ कवी लिहितात, "शेवट फसला आहे, पण भाषा अप्रतिम." दुपारपर्यंत अकरा जणांचे अभिप्राय येतात आणि त्यातल्या नऊ जणांना शेवट फसलेला आणि भाषा अप्रतिम वाटलेली असते. ज्यांना शेवटच आवडला होता ते अंगठा दाखवून गप्प बसतात. हा माणसांचा भित्रेपणा नाही, रचनेचा परिणाम आहे. ग्रुपवर प्रत्येक मत आधीच्या मताच्या खाली येतं, त्यामुळे लिहिणारा पुस्तकाला उत्तर न देता वरच्या संदेशाला उत्तर देतो. त्यात प्रतिसाद म्हणून नुसतं चिन्ह टाकायची सोय आहे. एका टिचकीत सहमती देता येते, असहमतीला मात्र चार ओळी टाइप कराव्या लागतात. मग सहमतीचाच ढीग होणार.

यावर चालणारा उपाय म्हणजे नळ बंद ठेवून भांडं भरणं. ग्रुपच्या सेटिंगमध्ये संदेश पाठवण्याची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवता येते, ती चर्चेच्या आठवड्यात चालू करा. सगळ्यांनी आपापला अभिप्राय शुक्रवारी रात्री नऊपर्यंत समन्वयकाला खासगीत पाठवायचा. गूगल फॉर्म केला तर आणखी सोपं: नाव, पुस्तक कुठपर्यंत वाचलं, अभिप्राय, एवढे तीनच रकाने. शनिवारी समन्वयक सगळे अभिप्राय एकामागून एक ग्रुपवर टाकतो, पण आलेल्या क्रमाने नाही. आडनावाच्या आद्याक्षराने किंवा चिठ्ठ्या टाकून. रविवारी संध्याकाळी सात ते नऊ ग्रुप सगळ्यांसाठी उघडायचा आणि नऊला परत बंद. दोन तासांत जेवढं बोलणं होतं तेवढं एरवी आठवडाभर रेंगाळूनही होत नाही, कारण सगळे एकाच वेळी हजर असतात.

इथे समन्वयकाच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे आलेले अभिप्राय "जरा नीट करून" टाकणं. तसं अजिबात करू नये. शुद्धलेखनसुद्धा दुरुस्त करू नये. लिहिणाऱ्यांच्या गटात दुसऱ्याने आपलं वाक्य बदललं की माणूस पुढच्या महिन्यात काही पाठवत नाही.

अभिप्राय किती मोठा असावा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दीडशे शब्द पुरतात. पण त्यात काय असावं हे ठरवून द्यावं लागतं, नाहीतर "मनाला भिडलं" च्या पलीकडे गाडी सरकत नाही. तीन गोष्टी मागाव्यात. वाचताना नेमके कुठे थांबलात, तिथे तुमच्यात काय झालं, आणि लेखकाने ते कसं घडवलं असेल. तिसरी गोष्ट अवघड आहे, पण लेखकांचा गट आणि वाचकांचा गट यांत फरक तिनेच पडतो. "आईच्या मृत्यूचा प्रसंग वाचून रडू आलं" ही वैयक्तिक प्रतिक्रिया झाली आणि तिचा मान आहेच. "मृत्यू कुठेच सांगितलेला नाही, फक्त सकाळी दुधाची पिशवी दारातच राहिली आहे" असं कुणी दाखवलं की बाकीच्यांना आपल्या कथेत वापरायला काहीतरी हाती लागतं.

द्राक्षाच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, बागायतदार सदस्यांकडून मुदतीत अभिप्राय येत नाहीत. त्या महिन्यांत कादंबरीऐवजी एखादी दीर्घकथा किंवा दहा कविता ठेवाव्यात. गट फुटण्याचं कारण बहुतेक वेळा मतभेद नसून न झेपणारी पानं असतात. तीनशे पानांची कादंबरी आठवड्याला साठ पानं या हिशोबाने पाच आठवडे घेते, म्हणजे महिन्याचं पुस्तक म्हणून ती बसतच नाही. आधीच सव्वा महिना जाहीर केला तर निम्म्याहून जास्त लोक शेवटपर्यंत पोचतात.

कविता या चौकोनात कशी दिसते

फोनच्या पडद्यावर संदेशाच्या चौकोनात अक्षरांचा आकार नेहमीचा असेल तर देवनागरीची साधारण पंचवीस-तीस अक्षरं मावतात. त्यापुढची ओळ आपोआप तुटते. अभंगाला, ओवीला काही होत नाही. मुक्तछंदातली लांब ओळ मात्र दोन ओळींसारखी दिसते आणि वाचणारा म्हणतो, "इथे का तोडलीस?" कवीने तोडलेलीच नसते. फोन आडवा धरून वाचा असं वर लिहावं, किंवा कवितेचं चित्र करून टाकावं. चित्र केलं की ओळी जागच्या जागी राहतात, पण मग कविता शोधता येत नाही, त्यातली ओळ उचलून उत्तर देता येत नाही. म्हणून दोन्ही टाकायचं, आधी चित्र आणि लगेच खाली मजकूर.

मजकूर टाकतानाही सापळे आहेत. ओळीच्या सुरुवातीला आडवी छोटी रेघ आणि मग मोकळी जागा दिली की व्हॉट्सॲप तिची यादी समजून रेघेच्या जागी ठिपका करतं. कथेतले संवाद आपण रेघ देऊन लिहितो, ते सगळे ठिपक्यांचे होतात. लांब रेघ वापरली किंवा अवतरणचिन्हं दिली तर हे टळतं. दोन प्रसंगांमध्ये तारे टाकायची सवय असेल तर तीही सोडावी, ताऱ्यांमुळे कधी ठिपके होतात, कधी मधला मजकूर ठळक होतो. जुन्या अंकांसारखी तीन शून्यं (०००) टाकावीत, ती निमूट बसतात. उलट एक सोय फारशी कुणी वापरत नाही: ओळीच्या सुरुवातीला 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आणि मोकळी जागा दिली की ती ओळ अवतरण म्हणून वेगळी दिसते. पुस्तकातली ओळ त्यात आणि आपलं म्हणणं त्याच्या खाली, असं लिहिलं की कुठलं वाक्य कुणाचं याचा घोळ होत नाही.

कवीचं नाव कवितेच्याच संदेशात, शेवटच्या ओळीखाली हवं. वेगळ्या संदेशात लिहिलेलं नाव पुढे जाताना गळतं आणि पंधरा दिवसांनी तीच कविता 'अनामिक' होऊन दुसऱ्या ग्रुपवरून परत येते.

कवितेवर उत्तर देताना संदेश ओढून त्याला जोडून लिहिलं तर वर मूळ कवितेच्या फक्त पहिल्या काही ओळी दिसतात. तुम्हाला बोलायचं असतं चौथ्या कडव्याबद्दल. त्यामुळे "कडवं ४, ओळ २" असं लिहून ती ओळ परत द्यायलाच हवी. वृत्तातल्या कवितेबद्दल आणि गझलेबद्दल तर जास्तच काटेकोर राहावं लागतं. "मीटर गडबडतंय" हा अभिप्राय नाही. ओळ लिहा, तिच्यातल्या मात्रा मोजून दाखवा, कुठे एक जास्त झाली ते सांगा. मोजताना जोडाक्षरापाशी गाडी अडते. 'सत्य'मधला 'स' गुरू म्हणजे दोन मात्रांचा, कारण जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. 'तुझ्या'मधला 'तु' मात्र लघुच म्हणजे एका मात्रेचाच राहतो, कारण तिथे आघात येत नाही. डोळ्यांनी मोजणारे इथे चुकतात, म्हणून ओळ मोठ्याने म्हणूनच मोजावी.

मोठ्याने म्हणण्यावरून आठवलं. व्हॉट्सॲपमधली कवितेसाठी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे आवाजी संदेश. कवीने स्वतः वाचलेली दोन मिनिटांची कविता छापील कवितेपेक्षा वेगळी कळते, कुठे श्वास घेतला तेही कळतं. पंखा बंद करायचा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरायचा, माईकचं बटण वर सरकवून कुलूप लावायचं म्हणजे बोट दाबून ठेवावं लागत नाही. ऐकणाऱ्यांनी मात्र दीडपट वेगाने ऐकू नये. ही सोय बायकोने पाठवलेल्या किराणा यादीसाठी आहे. कवितेवरचा अभिप्राय आवाजी देणं आम्हाला पटत नाही. सहा मिनिटांच्या बोलण्यात नेमकं वाक्य शोधायचं तर परत सहा मिनिटं ऐकावं लागतं, आणि बहुतेक जण ऐकतच नाहीत.

पुस्तकातला उतारा

पानाचा फोटो टाकणं सोपं म्हणून सगळे तेच करतात. बोटाची सावली, वाकडी ओळ, शिवाय व्हॉट्सॲप चित्र आकसून पाठवतं. पाठवताना एचडी निवडलं तर अक्षरं वाचण्याजोगी राहतात. त्यापेक्षा गूगल लेन्सने छापील मराठी मजकूर उचलता येतो आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. तपासायचं कुठे, हे सांगतो: अनुस्वार गळतात, 'रु' आणि 'रू' बदलतात, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दोन शब्दांत येतो. खिळ्यांच्या छपाईतल्या जुन्या, पिवळ्या पानांवर चुका वाढतात. पुस्तकाची पीडीएफ असली तरी त्यातून मजकूर चिकटवून निघेलच असं नाही. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवली गेली, तसल्या पीडीएफमधून चिकटवलेला मजकूर अगम्य चिन्हांचा निघतो. तिथेही लेन्सच कामाला येतं.

उताऱ्यासोबत नुसता पान क्रमांक देऊ नये. एकाच पुस्तकाच्या आवृत्त्यांमध्ये पानं सरकलेली असतात, वाचनालयातली प्रत जुनी आणि तुमची नवी असते. प्रकरण आणि आवृत्तीचं वर्ष दिलं की शोधाशोध थांबते.

किती उतारा द्यायचा याला कायद्याची बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार समीक्षा किंवा परीक्षणासाठी मर्यादित, रास्त वापर चालतो. म्हणजे ज्या चार ओळींबद्दल बोलायचं त्या देणं ठीक, अख्खा संग्रह फोटो काढून टाकणं नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं, निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजून, हक्क टिकतात. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता कुणीही पूर्ण द्याव्यात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांचे हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहेत. त्यामुळे दर २७ फेब्रुवारीला नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर त्यांची पूर्ण कविता फिरते ती प्रेमापोटी फिरते, नियमात बसते म्हणून नव्हे. भाषांतरित कवितेत मूळ कवी मुक्त झाला असला तरी भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आणि नव्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकणाऱ्याला ॲडमिनने तिथल्या तिथे थांबवावं. ज्या गटात उद्याचे लेखक बसलेत तिथे तरी हे चालू नये. ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही सगळ्यांसाठी पुसता येतो.

मालिका, वेब सीरिज आणि फुटलेलं रहस्य

पाहिलेल्या गोष्टींबद्दल बोलायला व्हॉट्सॲप सगळ्यात वाईट. कारण सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी नसतात. रोजच्या मालिकेला तरी एक वेळ असते. वेब सीरिजचे आठ भाग एका रात्रीत पाहणारा आणि आठवड्याला एक पाहणारा एकाच ग्रुपवर असतात. टेलिग्राममध्ये मजकुरावर पडदा टाकायची सोय आहे, टिचकी मारली तरच दिसतो. व्हॉट्सॲपमध्ये तसं काही नाही. लोक "अधिक वाचा"चा आडोसा करतात, म्हणजे वर इशारा, मग वीसेक रिकाम्या ओळी, मग रहस्य. हे अर्धंच चालतं. कुणी त्या संदेशाला छोटं उत्तर दिलं, "म्हणजे धाकट्या भावानेच केलं!", की आडोसा गेला. त्यामुळे नियम उत्तरांनाही लावावा: प्रत्येक संदेशाची पहिली ओळ "भाग ५ पर्यंत" अशीच असावी, कारण सूचनेच्या पट्टीत तीच ओळ दिसते.

अभिप्रायासाठी भाग आणि मिनिट द्यावं, "भाग ३, मिनिट २२" असं. दृश्याचा स्क्रीनशॉट देऊ म्हणाल तर बहुतेक ओटीटी ॲपमध्ये तो काळा येतो, कारण चोरी टाळण्यासाठी चित्र घेणं बंद केलेलं असतं. हे लिहिणाऱ्यांच्या पथ्यावरच पडतं. दृश्य शब्दांत सांगावं लागतं आणि सांगताना लक्षात येतं की आपण चेहरा पाहत होतो, का संवाद ऐकत होतो.

रोजच्या मालिकेला नावं ठेवणं हा कट्ट्यांचा आवडता उद्योग. पण अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता हातात साधारण बावीस मिनिटं उरतात, त्यात काल काय झालं ते सांगायचं, प्रत्येक जाहिरातीआधी माणूस धरून ठेवायचा आणि शेवटी उद्याची ओढ लावायची. हे तिन्ही कसं केलं ते टिपून ठेवा म्हटलं की अभिप्रायाचा सूरच बदलतो. एका भागातली पात्रं, जागा आणि प्रसंग एवढं तीन रकान्यांत लिहून काढलं तरी कळतं की दोन जागा आणि पाच पात्रांत भाग उरकलाय. खर्चाचं गणित पटकथेत कसं उतरतं, हे यापेक्षा स्वस्तात शिकता येत नाही.

साठवण

इथे व्हॉट्सॲप नापास. ग्रुपमध्ये नवीन आलेल्याला आधीचं बोलणं आपोआप दिसत नाही, त्यामुळे गेल्या वर्षी ज्या पुस्तकावर घनघोर चर्चा झाली तेच तो नव्याने सुचवतो. संदेश वर पिन करता येतात, पण फक्त तीन आणि जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. पाठवलेला मजकूर दुरुस्त करायला १५ मिनिटं मिळतात. जुने संदेश ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. फोन बदलला आणि बॅकअप नसला की गेले. अँड्रॉइडवर तो बॅकअप गूगल खात्याच्या फुकटच्या १५ जीबीत धरला जातो आणि सुप्रभातच्या फुलांनीच तो भरतो.

शोधायचं म्हटलं तर मराठीची वेगळीच गंमत. दिसायला एकसारखा शब्द आतून दोन प्रकारे टाइप झालेला असू शकतो. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून येतं, किंवा 'अ'वर चंद्र देऊन येतं. 'दुसऱ्या'तला अर्धा 'र' कळफलकानुसार दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्यांना फरक नाही, पण शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घ प्रत्येकाचं स्वतंत्र. म्हणून पुस्तकाच्या नावाने शोधत बसू नये, प्रत्येक चर्चेला एक सांकेतिक खूण द्यावी. त्यात ना जोडाक्षर, ना वेलांटी. 'कथा७', 'नाटक३' अशी. आणि आकडे एकाच लिपीत ठरवावेत, नाहीतर तिथेही तोच घोळ.

टेलिग्राम इथे उजवं आहे. गटात नंतर आलेल्यालाही जुनं सगळं वाचता येईल असं ठेवता येतं, विषयवार कप्पे करता येतात, फोन नंबर अनोळखी सदस्यांपासून लपवता येतो. या शेवटच्या सोयीमुळे नवख्या लेखिका बिनधास्त सामील होतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतो आणि मग "तुमची कविता आवडली" असे खासगी संदेश सुरू होतात. मात्र एका संदेशाला ४०९६ वर्णांची मर्यादा आहे. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जात असल्याने ते साधारण सहाशे शब्द भरतात, अभिप्रायाला पुष्कळ, कथेला अपुरे. खरी अडचण वेगळीच: निम्मे लोक ते ॲप उघडतच नाहीत.

म्हणून व्हॉट्सॲप निरोपाला आणि गूगल डॉक साठवणीला, ही जोडी आम्हाला सगळ्यात व्यवहार्य वाटते. एका पुस्तकाला एक डॉक. वर पुस्तक, लेखक, आवृत्ती. खाली प्रत्येकाचा अभिप्राय त्याच्या नावाखाली. दुवा देताना 'संपादक' असा अधिकार सगळ्यांना देऊ नये, 'टिप्पणी' एवढाच द्यावा. फोनवर वाचता वाचता एखाद्याचं बोट लागून अर्धं पान निवडलं जातं आणि पुसलं जातं. तसं झालंच तर आवृत्ती इतिहासातून जुना मजकूर परत आणता येतो. सदस्याच्या स्वतःच्या कथेवर अभिप्राय द्यायचा असेल तर 'सुचवणे' हा प्रकार उत्तम. दुरुस्ती मूळ वाक्याला धक्का न लावता बाजूला दिसते, ती घ्यायची की नाही हे लेखक ठरवतो.

समोरासमोर

यातलं काहीच बैठकीची जागा घेत नाही. नाशिकला बसायला जागा आहेत. १८४० सालापासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, गंगापूर रोडच्या बाजूला कुसुमाग्रज स्मारक आहे, मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेत कान तयार होतातच. जागा घेताना आधी तास ठरवा आणि माणसं मोजा. तासाभराच्या बैठकीत नऊ जणांना प्रत्येकी पाच मिनिटं दिली की पंचेचाळीस मिनिटं होतात, चर्चेला पंधरा उरतात. गूगल मीटच्या फुकट बैठकीलाही तिघे किंवा त्याहून जास्त असले की एक तासच मिळतो, त्यामुळे हेच गणित तिथे चालतं. झूमच्या चाळीस मिनिटांत सहा जणांच्या वर जाऊ नये. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी आणि गोदाकाठच्या वाटा वाहनांना मोकळ्या मिळणार नाहीत, त्या महिन्यांच्या बैठका आत्ताच ऑनलाइन धरून ठेवाव्यात.

पुस्तकं कुठून आणायची याला नाशिकचं स्वतःचं उत्तर आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ साली इथेच सुरू झाली. पुस्तकांची पेटी गटाकडे येते, वाचून झाली की बदलून दुसरी मिळते. उपक्रम म्हणून त्याला तोड नाही. पण चर्चा-गटाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी: पेटीत वेगवेगळी पुस्तकं असतात, एकाच पुस्तकाच्या पंधरा प्रती नव्हेत. त्यामुळे पेटीवर चालणाऱ्या गटात प्रत्येक जण वेगळं वाचतो आणि अभिप्राय शिफारशीच्या अंगाने जातो, "हे घ्या, वाचाच." एकाच पुस्तकावर मतं आपटवायची असतील तर ते पुस्तक वेगळं मिळवावं लागतं. पेटीसाठी उत्तम पद्धत म्हणजे प्रत्येक पुस्तकात पोस्टकार्डाएवढा एक कोरा कागद. वाचणाऱ्याने त्यावर तीन ओळी लिहून कागद तिथेच ठेवायचा. तिसऱ्या-चौथ्या वाचकापाशी पोचेपर्यंत तो कागद पुस्तकाइतकाच वाचला जातो, आणि त्यावर ज्येष्ठ कवींचं मत सगळ्यात वर असेलच असं नाही.

राहता राहिला स्वतःचं अप्रकाशित लेखन ग्रुपवर टाकण्याचा प्रश्न. अनेक दिवाळी अंक साहित्य मागवताना ते अप्रकाशित हवं अशी अट घालतात, आणि चाळीस माणसांच्या ग्रुपवर फिरलेली कविता अप्रकाशित धरायची की नाही हे संपादकावर असतं. अंकांसाठी साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीपासूनच मागवलं जातं, त्यामुळे मे महिन्यानंतर नवी कविता ग्रुपवर न टाकता चार-पाच जणांच्या डॉकमध्ये ठेवावी. ॲडमिन मात्र नेहमी दोघे असावेत, म्हणजे एक गावी गेला तरी रविवारी सातला ग्रुप उघडायला दुसरा असतो.